जनुकीय बदलाचे अन्न : नाम, अर्थ आणि ग्राहकाची स्वीकृती

१

अन्नाची परीक्षा मनुष्य आजवर इंद्रियांच्या साहाय्याने करीत आला आहे. भाजी ताजी की शिळी हे डोळ्यांना दिसते, धान्याला कुबट वास येतो काय हे नाकाला कळते, आणि उरलेला निर्णय जीभ देते. जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या बाबतीत मात्र ह्या तिन्ही साक्षीदारांचा सहसा उपयोग होत नाही. असे वांगे व साधे वांगे शेजारी शेजारी ठेवली तर त्यांतील भेद मंडईत उभ्या असलेल्या ग्राहकाला ओळखता येणार नाही. तो भेद त्याला कळतो तो केवळ कोणीतरी सांगितल्यामुळे, म्हणजेच शब्दामुळे. वस्तू अदृश्य आणि नाम दृश्य अशी ही परिस्थिती आहे. म्हणून ह्या पिकांच्या स्वीकृतीचा प्रश्न जसा जीवशास्त्राचा, कृषिअर्थशास्त्राचा आणि कायद्याचा आहे, तसाच तो शब्दार्थशास्त्राचाही आहे.

प्रस्तुत लेखात ह्या शेवटच्या अंगाचा विचार केला आहे. सगळा वाद शब्दांचाच आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. बियाण्याची मालकी, किडींमध्ये निर्माण होणारी प्रतिकारक्षमता, परागांच्या द्वारे होणारा प्रसार हे वस्तुगत प्रश्न आहेत आणि ते शब्द बदलल्याने सुटणारे नाहीत. परंतु हे प्रश्न सामान्य माणसापर्यंत ज्या शब्दांच्या वाहनातून येतात, ती वाहने निर्विकार नसतात. त्यांची तपासणी करणे हे भाषाभ्यासकाचे काम होय.

२

प्रथम वस्तूचे स्वरूप थोडक्यात स्पष्ट केले पाहिजे. शेतीच्या आरंभापासून मनुष्य निवडीने पिके बदलीत आला. विसाव्या शतकात शास्त्रशुद्ध संकराची पद्धत रूढ झाली. तीत एकाच जातीच्या, अथवा निकटच्या जातींच्या, दोन वाणांचा संयोग घडविला जातो. जनुकीय अभियांत्रिकीत ह्यापुढचे पाऊल टाकलेले आहे. तीत एखाद्या जीवातील विशिष्ट जनुक वेगळे काढून दुसऱ्या, कित्येकदा अगदी दूरच्या, जीवात बसविले जाते. भारतीय वाचकाला परिचित असे ह्याचे उदाहरण ‘बीटी’चे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जीवाणू काही किडींना मारक ठरणारे प्रथिन तयार करतो. हे प्रथिन घडविणारे जनुक कापसाच्या किंवा वांग्याच्या पेशीत घातले की ते झाड स्वतःच ते प्रथिन तयार करू लागते आणि ती पाने, बोंडे वा फळे खाणारी विशिष्ट अळी मरते.

भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. जालना येथील महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीने, म्हणजे महिकोने, अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या सहकार्याने हे वाण आणले होते. ह्या पिकाबरोबर मराठी भाषेत एक नवा शब्द रुजला. जर्मन शास्त्रज्ञ बर्लिनर ह्यांनी १९११ च्या सुमारास हा जीवाणू पिठातील पतंगाच्या अळीत शोधला आणि थुरिंगिया ह्या प्रांतावरून त्याला नाव दिले. त्या नावाची दोन आद्याक्षरे आज विदर्भ, खानदेश व मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या तोंडी घरगुती शब्दाप्रमाणे वावरतात. ‘बीटी’, ‘बिगरबीटी’ आणि मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील बियाण्याला उद्देशून ‘चोरबीटी’ अशी ही शब्दांची वंशावळच आहे. ‘चोर’ हे पूर्वपद लावून समाजाने त्या बियाण्याची कायदेशीर स्थिती एका सामासिक शब्दात सांगून टाकली. ते बियाणे जोखमीचे आहे किंवा गुणकारी आहे, ह्याविषयी हा शब्द काहीच बोलत नाही. ते कोणत्या वाटेने आले एवढेच तो सांगतो.

परंतु शब्द घरगुती झाला की त्याचा अर्थही सैल होतो. शास्त्रज्ञाच्या लेखी ‘बीटी’ म्हणजे ठरावीक अळ्यांना मारक असे ठरावीक प्रथिन. बाजाराच्या भाषेत त्याचा अर्थ ‘अळी न पडणारे बियाणे’ इतका विस्तारला. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसावरच मोठे आक्रमण केले, तेव्हा ह्या दोन अर्थांमधील अंतर उघडे पडले. अळीमध्ये प्रतिकारक्षमता निर्माण होणे ही शास्त्राला अपरिचित गोष्ट नव्हती. बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगरबीटी बियाण्याची वेगळी पुडी देण्याचे कारणच ते होते. परंतु विस्तारित अर्थावर विश्वास ठेवणाऱ्याला तो वचनभंग वाटला, तर त्यात आश्चर्य नाही.

३

मराठीत ह्या पिकांसाठी रूढ झालेल्या पारिभाषिक शब्दांची परीक्षा येथे उपयुक्त ठरेल. वृत्तपत्रांतून सर्वाधिक आढळणारा प्रयोग ‘जनुकीय सुधारित’ हा होय. त्याशिवाय ‘जनुकीय परिवर्तित’, ‘जनुक-रूपांतरित’ व ‘जीएम’ हे प्रयोगही चालतात.

‘जनुकीय सुधारित’ ह्या प्रयोगात व्याकरणाची एक अडचण आहे. दोन विशेषणे शेजारी ठेवल्याने ‘जनुकीय’ हे ‘वाण’ ह्या नामाचे विशेषण होऊ पाहते. वस्तुतः ते ‘सुधारित’ ह्या कृदंताशी निगडित आहे, आणि त्यासाठी ‘जनुकीयदृष्ट्या’ असे क्रियाविशेषण अपेक्षित होते. ह्याहून महत्त्वाची अडचण अर्थाची आहे. ‘सुधारणे’ ह्या धातूला संस्कृत वळणाचा ‘इत’ प्रत्यय लावून झालेला ‘सुधारित’ हा शब्द स्वतःच एक प्रकारचा संकर आहे. कृषी खात्याच्या पत्रकांतून ‘सुधारित वाण’, ‘सुधारित अवजारे’, ‘सुधारित पद्धती’ हे शब्द अनेक दशके शेतकऱ्याच्या कानांवर पडत आले आहेत. ह्या सहवासामुळे ‘सुधारित’ ह्या पदाची अभिधा ‘बदललेला’ एवढीच राहत नाही. ‘चांगल्याकडे नेलेला’ असा निर्णय तीत समाविष्ट होतो. ज्या वस्तूच्या गुणावगुणांविषयीच वाद चालू आहे, तिच्या नावातच निकाल लिहून ठेवला जातो.

‘परिवर्तित’ हा शब्द ह्या दोषापासून मुक्त आहे, परंतु तो पुस्तकी आहे. हिंदीतून भाषांतर करताना आणखी एक धोका संभवतो. हिंदीत ह्या अर्थी ‘संशोधित’ हा शब्द वापरला जातो. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे शास्त्रीय शोधकार्य. त्यामुळे ‘संशोधित बियाणे’ वाचणाऱ्या मराठी माणसाचा समज ‘संशोधनाने सिद्ध झालेले बियाणे’ असा होईल. एकाच संस्कृत शब्दाची दोन भगिनी भाषांत झालेली अर्थांतरे ग्राहकाच्या निर्णयावर परिणाम करू शकतात, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

‘सुधारित’, ‘परिवर्तित’, ‘रूपांतरित’ ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ही कर्मणि अर्थाची भूतकृदंते असून त्यांतून कर्ता वगळला गेला आहे. बदल कोणी केला, कशासाठी केला आणि कोणाच्या लाभासाठी केला हे ह्या शब्दांत येत नाही. ग्राहकाच्या मनात पहिले प्रश्न मात्र हेच येतात. भाषेने सोडलेली कर्त्याची जागा रिकामी राहत नाही. ती तर्काने, विश्वासाने अथवा संशयाने भरली जाते.

ह्या संदर्भात ‘हायब्रीड’ ह्या शब्दाचा मराठीतील प्रवास बोधप्रद आहे. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसृत झाला आणि पुढील वर्षांत हायब्रीड ज्वारी महाराष्ट्रात सर्वत्र पसरली. उत्पादन वाढले, शेतकऱ्याने पीक स्वीकारले. परंतु खाणाऱ्याने शब्द स्वीकारला तो निराळ्या अर्थाने. भाकरीला चव नाही, कडब्याला कस नाही, अशा तक्रारींतून ‘हायब्रीड’ म्हणजे बेचव व कसहीन असा लक्ष्यार्थ तयार झाला. तो पुढे भाजीपाल्याला आणि थट्टेने नव्या पिढीलाही लागू झाला. त्याच्या विरुद्ध बाजूस ‘गावरान’ ह्या शब्दाचे मोल वाढले. पीक शेतात स्वीकारले गेले म्हणून त्याचे नाव ताटात स्वीकारले जाते असे नाही, हा धडा जनुकीय बदलाच्या पिकांपूर्वीच मराठी समाजाने दिला होता.

४

पाश्चात्त्य देशांतील दोन घटना तुलनेसाठी घेता येतील. अमेरिकेत कॅल्जीन कंपनीच्या ‘फ्लेव्हर सेव्हर’ ह्या उशिरा मऊ पडणाऱ्या टोमॅटोला १९९४ मध्ये विक्रीची वाट मोकळी झाली. १९९७ पर्यंत तो बाजारातून नाहीसा झाला. ब्रिटनमध्ये झेनेका कंपनीने अशाच प्रकारच्या टोमॅटोचा घट्ट रस फेब्रुवारी १९९६ पासून सेन्सबरी व सेफवे ह्या दुकानांतून डब्यांत विकण्यास आरंभ केला. डब्यावर ‘जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोपासून बनविलेला’ असे ठळकपणे लिहिलेले होते, आणि वजनाच्या मानाने तो साध्या रसापेक्षा स्वस्त होता. हा डबा उत्तम खपला. १९९९ मध्ये विक्री थांबेपर्यंत सुमारे १८ लाख डबे विकले गेले. नाव उघड सांगितले म्हणून ग्राहक पळतो, ह्या सर्वसाधारण समजुतीला ह्या घटनेने छेद दिला.

मग तोच डबा १९९९ मध्ये का मागे घ्यावा लागला? डब्यातील रस बदलला नव्हता. डब्यावरील शब्दांचा भोवताल बदलला होता. मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने गाईंच्या मेंदूच्या विकाराचा मानवी रोगाशी संबंध संभवतो हे मान्य केले. तत्पूर्वी अनेक वर्षे गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही अधिकाऱ्यांनी दिलेली असल्यामुळे, ‘निर्धोक’ ह्या शब्दाची पतच घसरली. ऑगस्ट १९९८ मध्ये आर्पाड पुश्ताई ह्या शास्त्रज्ञांनी जनुकीय बदल केलेल्या बटाट्यांचा उंदरांवर अनिष्ट परिणाम झाल्याचे दूरचित्रवाणीवर सांगितले. रॉयल सोसायटीने पुढे त्या प्रयोगाची मांडणी सदोष ठरविली, परंतु तोपर्यंत वृत्तपत्रांना एक तयार शब्द सापडला होता.

तो शब्द ‘फ्रँकनफूड’ हा होय. १९९२ मध्ये बॉस्टन कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक पॉल ल्युइस ह्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रातून तो पुढे आला. मेरी शेली ह्यांच्या १८१८ च्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचे नाव आहे, निर्मिलेल्या राक्षसाचे नव्हे. लोकांच्या बोलण्यात मात्र निर्मात्याचे नाव निर्मितीला चिकटले. ही लक्षणा होय, आणि येथे ती विशेष अर्थपूर्ण आहे. ‘जनुकीय बदल केलेले’ ह्या नावात जो कर्ता लपला होता, तो ह्या नावात कर्मासह परत आला, आणि तोही आपल्या निर्मितीला वाऱ्यावर सोडणारा कर्ता म्हणून. ‘टर्मिनेटर’ हा शब्दही असाच बनला. पुढच्या पिढीचे बी उगवू न देणाऱ्या तंत्राचे एकस्व अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये नोंदले गेले. कॅनडातील एका संस्थेने त्याला हे नाव दिले. ते तंत्र बाजारात कधीच आले नाही. तरीही नावाचा प्रभाव असा की, भारताच्या २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमात अशा तंत्राच्या वाणांची नोंदणी निषिद्ध ठरली आणि ‘टर्मिनेटर’ हे लोकांनी रूढ केलेले नाव कायद्याच्या भाषेत जाऊन बसले.

५

भारतात अन्नपिकाच्या स्वीकृतीची खरी कसोटी बीटी वांग्याच्या निमित्ताने लागली. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर वारंवार कीटकनाशके फवारावी लागतात. ती फवारणी कमी व्हावी हा ह्या वाणाचा हेतू सांगितला गेला. जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला अनुकूल निर्णय दिला. तथापि तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरसह सात शहरांत जाहीर विचारविनिमय केला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी ह्या वांग्याच्या प्रसाराला अनिश्चित काळासाठी स्थगिती दिली. राज्य सरकारांचा विरोध, स्वतंत्र चाचण्यांची उणीव, शास्त्रज्ञांतील मतभेद आणि वांग्याच्या वाणांची भारतातील विविधता ही कारणे त्या निर्णयात नमूद आहेत. बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच तंत्राच्या वांग्याला मान्यता दिली आणि २०१४ मध्ये तेथील शेतकऱ्यांना रोपे मिळाली. एकच जनुक सीमेच्या एका बाजूस अन्न ठरले आणि दुसऱ्या बाजूस प्रश्न म्हणून राहिले.

कापसाला जे सुलभ झाले ते वांग्याला का झाले नाही, ह्याचे एक उत्तर शब्दांच्या वर्गीकरणात आहे. कापूस हा शब्द भाषेत वस्त्राच्या कुळात मोडतो, वांगे अन्नाच्या. शिवाय ‘वांगे’ हा नुसता जातिवाचक शब्द नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; काटेरी, हिरवे, पांढरे अशी वांगी आपापल्या प्रदेशाच्या नावाने व पाककृतीने ओळखली जातात. त्या प्रत्येक नावामागे एक चव आणि एक गाव उभे असते. तेथे ‘बीटी’ हे आद्याक्षरी पूर्वपद जोडणे म्हणजे ओळखीच्या माणसाला अनोळखी आडनाव देण्यासारखे होते.

वस्तुतः वस्त्राच्या कुळातील कापूसही ताटापर्यंत येतोच. सरकीचे तेल खाण्यात वापरले जाते आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांना घातली जाते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ राहत नाहीत, हे खरे. परंतु ग्राहकाला हा तपशील सांगून त्याने निर्णय घेतला असे घडलेले नाही. त्याने निर्णय घेतलाच नाही, कारण ‘कापूस’ ह्या शब्दाने प्रश्नच उद्भवू दिला नाही.

बीटी वांग्याच्या वादानंतर २०१० मध्येच संबंधित समितीच्या नावातील ‘मान्यता’ हा शब्द काढून ‘मूल्यांकन’ हा शब्द घालण्यात आला. इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली. मान्यता देण्यासाठीच स्थापन झालेल्या समितीने मान्यता दिली, ह्या वाक्यात जी व्यंजना आहे ती शासनालाही जाणवली असावी.

६

ग्राहकाला सांगावे काय, आणि सांगावे तर कोणत्या शब्दांत, हा पुढचा प्रश्न. युरोपीय संघाने २००३ च्या नियमांनी घटकामध्ये ०.९ टक्क्यांहून अधिक अंश असल्यास ‘जनुकीय बदल केलेले’ असे लिहिणे सक्तीचे केले. तेल शुद्ध होऊन त्यात जनुकाचा मागमूस उरला नसला तरीही ते लिहावे लागते. अमेरिकेने २०१६ चा कायदा व २०१८ चे नियम ह्यांद्वारे ‘जैव-अभियांत्रिकीने घडविलेले’ हा वेगळा शब्द निवडला, अनवधानाने आलेल्या अंशाची मर्यादा ५ टक्के ठेवली आणि मागमूस न उरलेल्या पदार्थांना त्या नियमांत वगळले. युरोपचा शब्द प्रक्रियेला नाव देतो, अमेरिकेचा तिच्या अवशेषाला. दोन्ही ठिकाणचे तेल एकच असले तरी एकावर नाव येते आणि दुसऱ्यावर येत नाही. भारतात १ जानेवारी २०१३ पासून अमलात आलेल्या वजनमापविषयक नियमाने अशा वेष्टनाच्या दर्शनी भागावर वरच्या बाजूस ‘जीएम’ ही दोन इंग्रजी अक्षरे छापण्याची अट घातली. ज्याला ही अक्षरे कशाची आहेत हे ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ती माहिती नव्हे, केवळ चिन्ह होय.

नावाने भीती वाढते की कमी होते? ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या जानेवारी २०१५ मधील पाहणीत, ‘डीएनए’ असलेल्या अन्नावर तशी सूचना सक्तीची असावी ह्या मताला सुमारे ८० टक्के लोकांनी पाठिंबा दिला. डीएनए तर जवळजवळ प्रत्येक अन्नात असतो. ह्यावरून लोक अज्ञानी आहेत असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. प्रश्नात एखादा अपरिचित शब्द घालून सूचनेची गोष्ट काढली की तो शब्द धोक्याचा वाटू लागतो, एवढेच ह्यातून दिसते. उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जुलै २०१६ मध्ये अशी नोंद सक्तीची झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलोडिन्स्की व लस्क ह्यांच्या अभ्यासानुसार, इतर राज्यांच्या तुलनेत तेथील विरोध १९ टक्क्यांनी घटला. कल्पित प्रश्नातील शब्द भय निर्माण करतो. रोजच्या डब्यावरील शब्द परिचय निर्माण करतो. लपविलेली गोष्ट उघडकीस येणे आणि उघड गोष्ट वाचणे ह्यांत हा फरक आहे.

आरोग्याच्या प्रश्नावर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ च्या विस्तृत अहवालात असा निर्णय दिला की, बाजारातील जनुकीय अभियांत्रिकीच्या पिकांपासून मानवी आरोग्यास पारंपरिक पिकांहून अधिक धोका असल्याचा ठोस पुरावा आढळत नाही. तथापि आरोग्याविषयीचे आश्वासन मालकी, निवड व विश्वास ह्यांविषयीच्या प्रश्नांचे उत्तर होऊ शकत नाही. तसे ते देऊ पाहिल्यास ऐकणाऱ्याला आपला प्रश्न टाळला गेला असे वाटते.

७

ह्या चर्चेला आता नवे वळण लागले आहे. बाहेरचे जनुक न घालता पिकाच्या स्वतःच्या जनुकसंचात नेमका बदल करण्याच्या तंत्राला इंग्रजीतील ‘एडिटिंग’वरून ‘जनुक-संपादन’ असे नाव मिळाले आहे. भारत सरकारने मार्च २०२२ मध्ये अशा काही प्रकारांना १९८९ च्या नियमांतील प्रमुख अटींतून सूट दिली. ४ मे २०२५ रोजी ‘डीआरआर धान १००’ ऊर्फ ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे संपादित जनुकसंचाचे दोन भातवाण जाहीर झाले. मराठीत ‘संपादन’ ह्या शब्दाला दोन प्रतिष्ठित अर्थ आहेत : ग्रंथाची शुद्धी आणि विद्या वा यश मिळविणे. ज्या १९८९ च्या नियमांच्या शीर्षकात ‘घातक सूक्ष्मजीव’ आणि ‘जनुकीय अभियांत्रिकीने घडविलेले जीव’ शेजारी शेजारी बसविलेले आहेत, त्यांतून निघून ‘संपादना’च्या सौम्य छायेत येणे हा तंत्राचा बदल आहेच, परंतु अर्थवलयाचाही तो मोठा बदल आहे. ‘कमला’ हे नाव तर पूर्णतः घरचे आहे. तंत्र वेगळे असल्याने वेगळे नाव देणे योग्यच. मात्र सौम्य नावामुळे प्रश्न विचारणे अनावश्यक ठरते असे मानले, तर ‘सुधारित’ ह्या शब्दाच्या बाबतीत घडले तेच पुन्हा घडेल.

वरील विवेचनावरून मराठी वेष्टनासाठी योग्य नावाच्या तीन कसोट्या निश्चित करता येतात. नाव वाचकाच्या लिपीत व नित्याच्या भाषेत असावे. त्यात स्तुती वा निंदा नसावी. आणि बदल कोणत्या घटकात, कशासाठी झाला हे त्यातून कळावे. ‘जीएम’ पहिल्या कसोटीस उतरत नाही, ‘सुधारित’ दुसऱ्या, आणि ही सर्वच कृदंते तिसऱ्या. ‘कीड न लागण्यासाठी जनुकबदल केलेल्या मक्यापासून’ हा शब्दप्रयोग लांब आहे, परंतु तो तिन्हींस उतरतो. ‘बदल’ हा शब्द बऱ्यावाईट दोहोंना मोकळा आहे आणि ‘साठी’ ह्या शब्दयोगी अव्ययाने हेतू वाक्यात परत येतो.

असा शब्द योजल्याने ग्राहक ते अन्न स्वीकारीलच, असे नाही. ‘हायब्रीड’ हा शब्दही आरंभी निर्दोषच होता. त्याला रंग चढला तो अनुभवाने. नाव विश्वास निर्माण करू शकत नाही. तो चाचण्यांतून, उत्तरदायित्वातून आणि दीर्घ वापरातून येतो. परंतु विश्वास ठेवावयाचा की नाही हे ठरविण्याची संधी नावच देते. तेलाचा डबा हातात घेऊन त्यावरील अक्षरे वाचणाऱ्या गृहिणीला ती संधी तिच्या भाषेत मिळावी, एवढी अपेक्षा शास्त्राने आणि शासनाने पूर्ण करणे अवघड नाही. तिने पुढे ‘होय’ म्हटले किंवा ‘नको’ म्हटले, तरी ते तिचे उत्तर असेल.